वनमालाबाईंचा पहिला तास

मार्तंड कर्णिकसरांना सगळं माहीत असायचं. गोरेगावच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे, पण त्यांचा खरा विषय वेळापत्रक. वीस वर्षं दर मे महिन्यात घरी जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंगचा कागद पसरून ते एकहाती आखत. कोणाला जिने झेपत नाहीत, कोणाला शनिवार मोकळा लागतो, सगळं तोंडपाठ. मिरवायचेही भरपूर. स्टाफरूममध्ये मी शेजारच्या खुर्चीत बसायचो, त्यामुळे मला ते रोज ऐकावं लागे.

१९८९ साली कॉलेजनं कॉम्प्युटरवर वेळापत्रकाचा प्रोग्रॅम आणला आणि काम गणिताच्या शुभा प्रधानकडे गेलं. चपला बाहेर काढून एसी खोलीत जायचं, अशी त्या कॉम्प्युटरची बडदास्त. सरांचा नुसता जळफळाट. पोरीचं नोकरीतलं दुसरंच वर्ष, आणि प्राचार्य तिच्यासाठी स्वतःच्या केबिनमधून चहा पाठवतात, हे त्यांना सहन होईना.

शुभा मात्र वही घेऊन त्यांच्याकडेच आली. कोणाच्या काय अडचणी, ते विचारलं. सरांनी बरंच सांगितलं, एक गोष्ट तेवढी गिळली. इतिहासाच्या वनमालाबाई मढहून यायच्या. होडीनं वर्सोव्याला उतरायचं, तिथून बस. पहिला तास गाठणं अशक्य. सरांनी तो त्यांना कधीच दिला नव्हता.

जूनमध्ये लांबलचक छापील कागद भिंतीवर लागला. वनमालाबाईंना रोज पहिला तास. सर खूश.

"आता बघ त्या पोरीची कशी वाट लागते," मला म्हणाले. मीही गप्प बसलो, हे कबूल करतो.

पंधरा दिवस सर सातच्या आत येऊन फाटकाशी उभे. बाई रोज वेळेवर. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, होडीचं कसं जमवता?

"कसली होडी? मढ सोडून तीन वर्षं झाली, इथं जवळच दिंडोशीला राहते मी. सासूबाई अंथरुणाला आहेत, दुपारी त्यांना भरवावं लागतं. लवकर सुटावं म्हणून पहिला तास हवाच होता. शुभानं विचारलं, तिला सांगितलं."

"मला का नाही सांगितलंत?" सरांचा आवाज चढला.

"दर जूनला चारचौघांत तुम्ही होडीचे उपकार ऐकवायचात. विचारलंत कधी? तीन वर्षं म्हातारी तीन वाजता जेवली, सर."

बाईंवर सर रागावले नाहीत. शुभाशी मात्र निवृत्त होईपर्यंत बोलले नाहीत.