डिस्ट्रिब्युटर माझ्या मांडीवर होता

आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हा देवांसोबत भुताखेतांनाही घराबाहेरची वाट दाखवली. त्यामुळे चकवा, भानामती असलं कोणी सांगू लागलं की मी तोंडावर हसायचो. आता तुम्ही माझ्यावर हसा... पण आधी ऐकून घ्या.

मी सेलूला राहतो. आमची लाल गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. गेल्या हिवाळ्यात ती झटके देऊन बंद पडायला लागली. मिस्त्री म्हणाला, डिस्ट्रिब्युटर गेलाय — म्हणजे इंजिनाच्या प्लगांना आळीपाळीने करंट वाटून देणारा भाग. "दांडी ढिली झालीय, लय खेळ आलाय सर. परभणीला जुन्या मालात भेटतो का बघा." दोन बोल्ट काढून त्याने तो माझ्या हातात दिला आणि उघड्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला. गाडी अंगणात, भिंतीकडे तोंड करून उभी. डिस्ट्रिब्युटर नसलेली पेट्रोलची गाडी म्हणजे नुसतं लोखंडी कपाट. ती सुरू होऊच शकत नाही, कोणालाही विचारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी परभणीच्या एका दुकानात मी तो भाग पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या वहिनींचा फोन आला. आईच्या छातीत कळ आलेली, अंगाला दरदरून घाम. घरात दुसरं कोणी नाही, ॲम्ब्युलन्सचा फोन लागत नाही. मी लगेच प्रकाशला फोन लावला. बालमित्र, माझ्या आईच्या हातचं खाऊन वाढलेला, दारात नवी कोरी गाडी.

"मी येलदरीला हाय रे, धरणावर. पाहुणे आलेत. लय लांब हाय, दुसरं कोणी बघ की."

त्याच्यामागे सेलू स्टेशनवरची अनाउन्समेंट स्पष्ट ऐकू येत होती. त्याचं घर स्टेशनला लागूनच आहे.

माझं काळीजच फाटलं. माझ्या आईसाठी त्याच्याकडे दहा मिनिटं नव्हती. शिवी द्यायलाही वेळ नव्हता, मिळेल त्या गाडीने निघालो.

पोचलो तर आई दवाखान्यात, सलाईन लावलेली... जिवंत. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "मी रोडवर ऑटो बघायला गेले, तर तुमचीच लाल गाडी अंगणाच्या फाटकातून बाहेर गेली की भाऊजी! मागच्या सीटवर काकू." आणि आईने डोळे उघडून सांगितलं, "पर्काशनं आणलं मला. खुंटीवरली चावी मीच दिली त्याच्या हातात. ऐन वक्ताला धावून आलं लेकरू."

घरी पळालो. गाडी अंगणातच होती, पण तोंड आता रस्त्याकडे. थंडीचे दिवस, संध्याकाळ झालेली, तरी बॉनेटला हात लावताच चटका बसला. उघडून पाहिलं — फडक्याचा बोळा जागच्या जागी, कोरडा ठणठणीत. इंजिन फिरलं असतं तर तो तेलाने भिजायला हवा होता.

तसाच प्रकाशकडे गेलो. "येलदरीला होतास ना?"

तोवर गल्लीतले दोघं-तिघं त्याचे आभार मानून गेले होते. तो म्हणाला, "लोक म्हणायलेत मी नेलं, तर मी नेलं. तुझं काय बिघडलं?"

खूप बिघडलं! पण बोलू कोणाशी? त्याला खोटं पाडायचं तर मला सांगावं लागणार की गाडी डिस्ट्रिब्युटरशिवाय चालली. खोटा तो, आणि येडा ठरणार मी. मिस्त्रीला हळूच विचारून पाहिलं, तर तो माझ्याकडेच काळजीने बघायला लागला. गाडी कशी गेली, कोणी नेली, मला आजही कळलेलं नाही. जे कोणी आलं त्याचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत. पण त्याने नेमका प्रकाशचाच चेहरा का घ्यावा? माझा का नाही?

परवा आईने प्रकाशला मुद्दाम जेवायला बोलावलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवत तिने विचारलं, "त्या दिशी वाटंनं एक सबूदबी बोलला न्हाईस रे बाबा?"

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "घाबरलो होतो, काकू."

आईने त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.