हेमकांत फोटोवाल्याचा व्हिडिओ

कोरीट गावच्या हेमकांतच्या घरी शेती होती, पण ती थोरला भाऊ बघायचा. हेमकांतला वेड फोटोचं. लग्नाच्या ऑर्डरी शहरातली ड्रोनवाली पोरं पळवायला लागली, तेव्हा त्याने वेगळंच काम धरलं. मोटरसायकलवर कॅमेरा टाकून तो नवापूरकडच्या डोंगरपाड्यांत फिरायचा आणि दारोदार विचारायचा, घरातल्या गेलेल्या माणसाचा एखादा फोटो आहे का. लोक पत्र्याच्या पेटीतून नखाएवढा फोटो काढून द्यायचे, कधी कडा कुरतडलेला, कधी गालावर शिक्का उमटलेला. हेमकांत तो घरी आणून कॉम्प्युटरवर साफ करायचा, मोठा करायचा आणि फ्रेम घालून पुढच्या फेरीला पोचवायचा.

त्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज सगळीकडे फिरत होते. त्याच्या बायकोने, निशाने, ते वाचून लेकीला अंगणाबाहेर सोडणं बंद केलं होतं. हेमकांतलाही ते पटलं होतं. उद्या कुणी आपल्याकडेच त्या नजरेने बघेल, हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या दिवशी एका पाड्यावर ठकुबाई नावाच्या म्हातारीने त्याला आपल्या मुलाचा फोटो दिला. दानियल त्याचं नाव. गुजरातेत ऊसतोडीला गेला आणि तिकडेच तापाने वारला. हा एकच फोटो होता. हेमकांतने तो कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. बाहेर आला तर गाडीभोवती पोरं जमली होती. आमचा काढा, आमचा काढा म्हणून मागेच लागली. त्याने त्यांचे फोटो काढले, कॅमेऱ्यात दाखवले, खिशातल्या चॉकलेटी वाटल्या. रस्त्यापलीकडून एक तरुण मोबाइल धरून उभा होता. हेमकांत त्याच्याकडे पाहून हसलासुद्धा.

पुढच्या गावात तो चहाला थांबला. टपरीवाल्याने कप पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. बाकावरची माणसं एकदा मोबाइलकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होती. कुणीतरी गाडीची चावी काढून घेतली. मग एकाने मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. त्यात तोच होता, पोरांच्या घोळक्यात वाकलेला, चॉकलेटी द्यायला हात पुढे केलेला. खाली लिहिलं होतं, टोळीतला माणूस आपल्या भागात आला आहे, दिसेल तिथे पकडा.

हेमकांत घाबरला की अहिराणीवर यायचा. "मी फोटोवाला शे," तो म्हणाला, आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. बाकी काही सुचेना. त्याची बोली त्यांची नव्हती, त्यांची त्याला जेमतेम कळायची. जितकं बोलावं तितका संशय वाढत होता. लोकांनी बॅग उपडी केली. कॅमेऱ्यात पोरांचेच चेहरे निघाले. पाकिटातून बारके बारके फोटो मातीत सांडले, बायका, म्हातारे, दोन लहान मुलंही. ही कोण माणसं, असं कुणीतरी दरडावून विचारलं.

"ही सगळी मेलेली आहेत," हेमकांत म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. गर्दी एकदम गप्प झाली. त्या शांततेची भीती त्याला नंतर पडलेल्या माराहूनही मोठी वाटली. पहिला फटका कानावर बसला, दुसऱ्याला तो खाली पडला. लाथा चुकवत असताना त्याला दिसलं, दोघेतिघे मारत नव्हते, नुसते मोबाइल धरून उभे होते.

शेजारीच इसहाकची पिठाची गिरणी होती. इसहाक गावात वजनाचा माणूस. त्याने हेमकांतला बखोटीला धरून आत ओढलं, शटर पाडलं आणि स्वतः बाहेर उभा राहिला. अंधारात हेमकांत पोत्यांना टेकून बसला. बाहेरून शटरवर दगड आपटत होते. प्रत्येक दणक्याला पीठ अंगावर झडत होतं. इसहाक फटीतून विचारत होता, शेवटचा कुणाच्या घरी गेला होतास. दगडांच्या आवाजात ठकुबाईचं नाव बाहेर पोचलं नाही. दुसऱ्यांदा त्याने फटीला तोंड लावून सांगितलं. इसहाकने आपल्या मुलीला, प्रिस्किलाला, गाडी देऊन तिकडे पिटाळलं.

ठकुबाई आली तेव्हा गर्दी दुप्पट झाली होती. तिने कुणाला हात जोडले नाहीत. गर्दीतून वाट काढत ती शटरपाशी आली आणि वळून आपल्या बोलीत म्हणाली, "माझा दानियल त्याच्या खिशात आहे. मी माझ्या हाताने दिला आहे. आधी माझं लेकरू मला द्या, मग याचं काय करायचं ते करा."

दानियल त्याच गावच्या शाळेत शिकला होता. मारणाऱ्यांत त्याच्या वर्गातलेही होते. हेमकांतने शटरखालून घामाने ओला झालेला कागद सरकवला. तो फोटो हातोहात फिरला आणि माणसं मागे सरली. पोलीस आले तेव्हा गिरणीपुढचा ओटा निम्मा रिकामा होता. जाताना ठकुबाईने फोटो परत हेमकांतच्याच हातावर ठेवला.

व्हिडिओ टाकणाऱ्या तरुणाने पोलिसांसमोर तो पुसला आणि रडत माफी मागितली. पण तो त्याच्या एकट्याच्या मोबाइलवरून पुसला गेला. हेमकांतच्या बरगड्या सांधेपर्यंत व्हिडिओ सुरतेला त्याच्या बहिणीपर्यंत पोचला. "भाऊ, व्हिडिओमा तूच शे ना?" तिने विचारलं. त्यात गावाचं नाव भलतंच होतं. पुढे आणखी कुठल्या जिल्ह्याच्या नावाने तोच आला. कुठल्या अनोळखी गावात, कुठल्या टपरीवर आपला चेहरा ओळखतील, याचा नेम नव्हता. हेमकांत बाजारात जाईना. समोर कुणी मोबाइल वर केला की तो तोंड फिरवून घरात शिरे. आजवर किती जणांवर आपण न विचारता कॅमेरा रोखला, हेही त्याला आठवत राही.

दानियलची फ्रेम मात्र तयार होती. थोरला भाऊ म्हणाला, मी पोचवतो. हेमकांतने ऐकलं नाही. निशा मागे बसली, फ्रेम मांडीवर घेऊन. ती टपरी आली तेव्हा त्याने गाडी हळू केली. टपरीवाल्याने मान खाली घातली.

ठकुबाईने फ्रेम पदराने पुसली आणि बराच वेळ पाहिली. मग बोट हनुवटीवर ठेवून म्हणाली, "भाऊ, इथला व्रण कुठे गेला? लहानपणी बैलाने मारलं होतं त्याला."

हेमकांतला तो डाग वाटला होता. त्याने साफ केला होता.

"परत करून आणतो," तो म्हणाला. निशाने त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे या रस्त्याने आणखी एकदा यायचं होतं. बाहेर गाडीजवळ पोरं गोळा झाली होती. त्याने कॅमेरा आणलाच नव्हता. पोरं वाट बघत उभी होती, आणि तो दारातच उभा राहिला, निशाने हात धरून पुढे नेईपर्यंत.