पडण्याची मेहनत

सहादेव हमाल हा काही गोड माणूस नव्हता, आणि त्याला गोड म्हणणारं मिरजगावात कुणी नव्हतंही. बाजाराच्या दिवशी ज्वारीची पोती वाहताना कुणी आडवं आलं तर तो ‘बाजूला व्हा’ म्हणायचा नाही, सरळ खांदा द्यायचा. समोरचा भेलकांडला की याला बरं वाटायचं. पण त्याच्या पोटात जे विष साठलं होतं ते बाजारातलं नव्हतं, तालमीतलं होतं. आणि त्या विषाचं नाव होतं नृसिंह.

नृसिंह म्हणजे विष्णुपंत कुलकर्ण्यांचा एकुलता एक. लढाईचे दिवस होते, साखर कार्डावर मिळायची, रॉकेलसाठी माणसं ताटकळत उभी असायची. पण कुलकर्ण्यांच्या घरून तालमीत रोज सकाळी दुधाची चरवी आणि वाटलेले बदाम न चुकता यायचे. ज्याचा खुराक त्याची तालीम, हे कळायला शहाणपण लागत नाही. वस्ताद गनीभाईंनी नृसिंहला गावाचा पैलवान करायचं ठरवलं आणि त्याच्याशी जोर करायला, म्हणजे सरावाची कुस्ती खेळायला, जोडीदार दिला सहादेव. का, तर अंगानं दगड, आणि गरीब. तेव्हा सहादेव वीस वर्षांचा होता. आता अठ्ठावीस पुरी झाली होती आणि अजून तो जोडीदारच होता.

तांबडं फुटायच्या आत तो तालमीत यायचा. आखाड्याच्या हौद्यातली माती फावड्यानं उकरायची, तिच्यात ताक, तेल, हळद कालवायची, ढेकळं हातानं फोडायची. मग मारुतीला नमस्कार, पाचशे जोर, हजार बैठका. एवढं होऊन घाम निथळायला लागला की नृसिंह यायचा आणि तासभर याला आपटायचा. ते उरकून सहादेव बाजारात पोती वाहायला जायचा. चरवीच्या तळाला उरलेलं दूध त्याच्या वाट्याला यायचं, तेही नृसिंहला नको झालं तर.

आपटून घ्यायचंही त्याला वाईट वाटलं नसतं. एकदा, फक्त एकदा त्याला स्वतःची कुस्ती हवी होती. हलगी वाजतेय, पंच हात धरून फिरवतोय, माणसं आपलं नाव घेताहेत, एवढंच. तीनदा त्याची कुस्ती ठरली आणि तीनदा गनीभाईंनी मोडली.

“तुज्या गुडघ्याला काय झालं तर नरसिंगाला जोर कोन देनार?” वस्ताद म्हणायचे. “पुढल्या साली बघू.”

पुढलं साल काही उजाडेना. त्यातच दसऱ्याला तालमीत माणसं जमली होती, तेव्हा नृसिंह पेढा चघळत म्हणाला, “आमचा सहादेव म्हणजे मल्लखांब आहे. फरक एवढाच, की मल्लखांबाला भूक लागत नाही.”

सगळे खो खो हसले. सहादेवही हसला. ते हसू त्याला पुढे कित्येक दिवस जाळत राहिलं. नृसिंह बोलला ते बोलला, पण आपण का हसलो, ह्याचा राग त्याला स्वतःवर काढता येईना. मग त्यानं तो नृसिंहवर काढायचं ठरवलं, आणि काढला तोही असा की कुणाला पत्ता लागू नये.

नृसिंहचा हुकमी डाव टांग. समोरच्याचा हात बगलेत दाबायचा, गर्रकन वळून त्याला कमरेवर घ्यायचं आणि मागून पायानं त्याचा पाय उचलून आडवा करायचा. ह्याला उतारा एकच. पाठ वळताक्षणी कंबर खाली टाकायची, बूड जड करायचं. तेवढं जमलं तर टांग मारणाराच अडकतो, कारण त्याची पाठ आपल्या हातात आलेली असते. म्हणून गनीभाईंचा दंडक होता, की जोडीदारानं आधी अडायचं, अंगातलं सगळं बळ लावून अडायचं, आणि मगच पडायचं. अडणाऱ्यामुळे डाव पिकतो.

गनीभाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस त्यांना सावलीएवढाच दिसायचा. पण त्यांचे कान शाबूत होते, आणि ते हौद्याच्या काठावर बसून कुस्ती ऐकायचे. “अडून पडनाऱ्याचे दोन आवाज येत्यात,” ते पोरांना सांगायचे. “आदी गुडघा, मग पाठ.”

दसऱ्यानंतर सहादेवनं अडायचं सोडलं. एकदम नाही, रोज तसूभर. आज कंबर थोडी कमी टाकली, उद्या आणखी कमी. नृसिंहनं बगलेत हात दाबला की हा आपणच टाचा उचलायचा आणि त्याच्या ओढीबरोबर हवेतून जायचा. महिन्या दोन महिन्यांत त्याला ते इतकं साधलं की विचारसुद्धा करावा लागेना. हात दाबला गेला की अंग आपसूक सुटायचं. पाठ मातीवर पडायची, आणि आवाज यायचा एकच.

गनीभाईंनी तो ऐकला आणि त्यांचा चेहरा फुलला. “वा रं नरसिंगा! गुडघा टेकूच देत न्हाईस की त्येला. लोन्यावानी झाली टांग!”

नृसिंह छाती फुगवून दुसरे डाव टाकून द्यायला लागला. करायचेत काय? टांग लागली की सहादेवसारखा धोंडा उडतो, मग बाकीच्यांची काय कथा? सहादेव मातीत पडल्या पडल्या वर बघायचा आणि मनात म्हणायचा, फुग लेका, अजून फुग.

चैत्रात गावची जत्रा आली. शेवटची जोड नृसिंहची, जामखेडच्या एका जाडजूड पैलवानाशी. सुरुवातीची खडाखडी झाली आणि दुसऱ्याच मिनिटाला नृसिंहनं तोऱ्यात हात बगलेत दाबून पाठ वळवली. जामखेडकर हलला नाही. त्यानं नुसतं बूड खाली टाकलं. नृसिंहनं झटका दिला, दुसरा दिला. त्याच्या तोंडावर जे आश्चर्य उमटलं ते सहादेवनं डोळे भरून पाहिलं. मग जामखेडकरानं मागून कमरेला कव घातली, उचलला आणि त्याला असा टाकला की खांद्याचा सांधा निखळल्याचं काठावरच्यांनाही कळलं.

विष्णुपंत उपरणं तोंडाला लावून बसले. सहादेव घरी गेला आणि चार भाकरी खाल्ल्या.

त्याची आई साळूबाई परातीवरून मान वर करून म्हणाली, “समदं गाव सुतकात बसल्यागत हाय, आन तुला कसली रं एवढी भूक लागली?”

“लई दिसांची हाय,” तो म्हणाला.

पण खरी मेजवानी पुढेच होती. अकरा दिवसांनी कर्जतच्या कुस्त्यांच्या फडात नृसिंहची आणखी एक कुस्ती ठरलेली होती, श्रीगोंद्याकडच्या एका नवख्याशी. शब्द दिलेला, माणूस तर पाठवायला हवा. गनीभाईंनी सहादेवला बोलावलं. ते दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले होते.

“तू उतर,” ते म्हणाले. “माजं चुकलं, तुला आदीच सोडाया पायजे हुतं. गावाचं नाक आता तुज्या हातात हाय.”

सहादेवनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. ह्या म्हाताऱ्यावरही तो आठ वर्षं जळत आला होता. त्या दिवसापासून त्यानं जोर वाढवले, बैठका दुप्पट केल्या, दोरावर नुसत्या हातांनी चढला. सगळं केलं, पण कुणाशी जोर मात्र केला नाही. करणार कुणाशी? जोडीदाराला कोण जोडीदार देतो? शिवाय त्याला त्याची गरजही वाटली नाही. अडायचं कसं हे मला शिकवणार कोण, मीच तर गावाला अडून दाखवलंय, असं तो स्वतःशी म्हणाला आणि दोर आणखी घट्ट धरला.

कर्जतला हलगी वाजली. पंचानं त्याचा हात धरून हौद्याभोवती फिरवलं आणि मोठ्यानं नाव घेतलं. सहादेवला वाटलं, इथंच मेलो तरी चालेल. काठावर गनीभाई बसले होते. त्यांच्या शेजारी झोळीत हात अडकवलेला नृसिंह. हा कशाला आला? तमाशा बघायला? ये म्हणावं, बघ, मल्लखांब कसा लढतो ते.

आणि लढला तो झकास. श्रीगोंद्याचं पोरगं कच्चं होतं. सहादेवनं पट काढून, म्हणजे पायांत शिरून, त्याला दोनदा खाली घेतलं, मानेवर घुटना ठेवून रगडलं, त्याच्या नाकातोंडात माती घातली. पोरगं कसंबसं निसटून उठलं, धापा टाकायला लागलं. लोक ओरडत होते, सहादेवचं नाव घेऊन ओरडत होते. आणखी दोन मिनिटं, आणि पोराची पाठ लागली असती.

मग त्या पोरानं, दुसरं काही सुचेना म्हणून, सहादेवचा हात बगलेत दाबला आणि वळलं. अडाणी टांग होती. पाय चुकीच्या जागी, कमरेत जोर नाही. तालमीतल्या शेंबड्या पोरानंही ती मोडली असती.

“अड!” काठावरून नृसिंह जिवाच्या आकांतानं ओरडला. “सहादेव, बूड टाक! अड!”

सहादेवला ते स्पष्ट ऐकू आलं. अडायचं हे त्याला कळतही होतं. पण टाचा आधीच उचलल्या गेल्या होत्या. अंग आपसूक सुटलं, त्या पोराच्या अर्ध्यामुर्ध्या ओढीबरोबर हवेतून गेलं आणि पाठ मातीवर पडली.

आवाज आला एकच.

पोरगंच भांबावून त्याच्याकडे बघत राहिलं. पंचानं पोराचा हात वर केला. लोकांत हशा उठला, कुणी म्हणालं ‘इकली कुस्ती’, कुणी ढेकूळ फेकलं. सहादेव उठला. हरलेल्यानंही आधी वस्तादांच्या पायाला हात लावायचा असतो, म्हणून तो काठावर आला आणि गनीभाईंपुढे वाकला.

गनीभाईंनी पाय आखडून घेतले.

“एकच आवाज आला,” ते हळूच म्हणाले. डोळे त्याच्याकडे नव्हते, मातीकडे होते. “सा म्हयनं ऐकला मी त्यो आवाज. नरसिंगाची टांग म्हनून ऐकला. गावभर सांगत फिरलो.”

“वस्ताद, माजं—”

“माजं नाव घिऊ नगंस.” त्यांनी चाचपडत नृसिंहचा धड हात शोधला. “चल रं पोरा. गाडी कुटं हाय?”

नृसिंह जागचा हलला नाही. त्यानं एकदा सहादेवकडे पाहिलं, एकदा आपल्या खांद्याकडे. त्याला समजायला तेवढा वेळ लागला. मग तो म्हाताऱ्याला धरून गर्दीतून निघून गेला.

पुढच्या जोडीसाठी हलगी वाजायला लागली. दोन नवे पैलवान हौद्याकडे येत होते. सहादेव त्यांच्या वाटेतच उभा होता, अंगभर माती, हात तसेच वस्तादांच्या पायांसाठी पुढे केलेले.

“बाजूला व्हा की राव,” त्यांच्यातला एक म्हणाला आणि त्याचा खांदा याला लागला.

सहादेव बाजूला झाला.