न आपटलेला पाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आणि माझ्यासारख्याने काही पोटात ठेवणं म्हणजे — मला ओळखत असता तर तुम्हीच म्हणाला असता, नानाला दवाखान्यात न्या. सोनगीरच्या किल्ल्यावर मी शिंकलो आणि धुळ्यात पत्रे उडाले, हे मी भर लग्नात सांगितलंय. वऱ्हाडाने माना डोलावल्यात. पण हे? हे तोंडाशी येऊन परत जायचं.

मी आणि भटू. आमचे अहिराणी कॉमेडी व्हिडिओ बघितले असतील तुम्ही. मी सासरा, तो घरजावई. मी मारतो, तो खातो. आधी पारावर करायचो, फुकट. खरं तर मारायचोच नाही. मी डावा पाय आपटायचो, ती खूण. त्यासरशी भटू मान झटकायचा आणि खाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही असे, स्वतःचेच तळहात वाजवायचा. इतका देखणा मार खाणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांना नव्हता.

मग व्हिडिओ चालले. धुळ्याचा एक मोबाइलवाला जाहिरात द्यायला लागला. चापटीची चप्पल झाली, चपलेची काठी. सासरा चिडला कशावर, हे कोण विचारतं? मार वाढवला की बघे वाढायचे. खाली लोक लिहायचे — म्हातारा हवेत हात फिरवतो, जावई मात्र भारी. मोबाइलवाला म्हणाला, नाना, जरा खरं वाटू द्या. मला कुठलं झोंबलं असेल, सांगा बरं? ते ‘जावई भारी’.

तर — त्या दिवशी मी पाय आपटला नाही.

विसरलो नव्हतो. आपटला नाही. भटू माझ्या पायाकडे बघत उभा होता, भरवशाने, आणि मी सगळं अंग घालून त्याच्या कानाखाली जाळ काढला. त्याचे हात उघडेच राहिले. तो गोठ्याच्या दगडावर आदळला, कानातून रक्त आलं, आणि मी काय केलं? पडलेल्याला लाथ घातली. मग दुसरी. शॉट चांगला चालला होता.

कानाचा पडदा फाटला. मी गावभर सांगितलं — पाय असा आपटला की विहिरीचं पाणी हाललं, याचंच लक्ष नव्हतं. या एका थापेवर मात्र सगळ्यांचा विश्वास बसला. भटूचाही. डोक्याला पट्टी बांधून तो माझ्या घरी आला.

"नाना, चूक मनीच व्हती. मनं ध्यान नव्हतं."

माझी माफी मागितली त्याने. आणि मी — मी ती दिली.

तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. भटूला डाव्या कानाने आता काही ऐकू येत नाही. आपल्या हातून पुन्हा चूक नको, म्हणून त्यानेच तोड काढली: "आते खूण ऱ्हाऊ द्या, नाना. खरंच मारा."

काल सावद्याला, केळीच्या बागेत शूटिंग होतं. त्याने उजवा गाल पुढे केला. मी मारलं.