दोन गटांतला वाद

कापूस जळाल्याचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली गोष्ट. मारेगावकडच्या एका गावात बौद्ध वस्तीनं जयंतीची मिरवणूक पहिल्यांदाच मोठ्या रस्त्यानं नेली, म्हणून दुसऱ्या दिवशी भर दुपारी गावातल्या जमावानं वस्तीतलं एक घर पेटवलं. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. पोचलो तेव्हा भाव वाढेल या आशेनं घरात भरून ठेवलेला कापूस आतल्या आत धुमसत होता; पाणी टाकलं की पांढरा धूर उठायचा आणि डोळे चुरचुरायचे. पाहिलं तसं लिहून पाठवलं. डेस्कवरून फोन आला, ‘दुसरी बाजू कुठंय? आपण कुणाची बाजू घेत नसतो.’ मग चौकात बसलेल्या त्याच जमावातल्या लोकांना विचारलं. ‘आमी कायले पेटवू जी? चुलीची ठिणगी उडाली असन,’ एक जण हसत म्हणाला. सकाळी छापून आलं : ‘दोन गटांत वाद, कापूस खाक’. त्या घरची बाई पेपर माझ्यापुढे धरून म्हणाली, ‘मी तं भाकरी थापून राह्यली होती, भाऊ. लेकरू झोपून होतं. मंग आमचा गट कोनता?’ काल आमच्याच पेपरात दुसऱ्याच गावाचं नाव आणि तेच ‘दोन गट’. मी तडक कार्यालयात फोन लावला, ‘यातला कोणता गट भाकरी थापत होता?’ पलीकडचा पोरगा शांतपणे म्हणाला, ‘सर, आपण कुणाची बाजू घेत नसतो.’