कंचं त्याल टाकता?

मला बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, मला एकही प्रश्न विचारला नाही. स्वयंपाक येतो का, लग्नानंतर नोकरी करणार का, हे बाकीच्यांनी यथास्थित विचारून घेतलं. नानांनी पोहे संपवले, उठून दारातल्या आमच्या जुन्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "इंजिनला कंचं त्याल टाकता?"

"गॅरेजवाला टाकील ते," वडील म्हणाले. नानांचा चेहरा असा काही उतरला की आईला वाटलं, स्थळ हातचं गेलं. परत जाताना ते माझ्या नवऱ्याला म्हणाले होते म्हणे, "पोरगी बरी हाय. पन त्या घरात कुनाचं कशात ध्यान न्हाई." माझ्या माहेरची माणसं, भोरमधलं त्यांचं बरं नाव, माझं बीएड, सगळं त्या एका उत्तरानं पाण्यात गेलं. तरी लग्न झालं. बहुधा गाडी सुधारण्यापलीकडे गेली असली तरी मुलगी अजून सुधारेल असं त्यांना वाटलं असावं.

सासरचं गाव वेल्ह्याच्या अलीकडं. तिथून पाबे घाट ओलांडून पानशेतपर्यंत नानांनी उभी हयात प्रवासी जीप चालवली. त्यांच्या मते जीप कधी भरतच नसे, माणसंच आखडून बसत नसत. या धंद्यामुळं आपल्याला दोन गोष्टी पुरत्या कळल्या आहेत असं ते मानत: माणसाचा स्वभाव आणि इंजिनचं तेल. पहिल्या बाबतीत ते बऱ्याचदा फसले. दुसऱ्या बाबतीत फसले ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेलाबाबतचं त्यांचं सगळं शास्त्र एका शब्दात मावत होतं, घट्ट. "घाट हाय तितं घट्ट त्याल. पातळ त्याल पुन्यातल्यांना. त्यांना कुटं चढायचंय?" घट्ट तेलाच्या डब्यावरचा वीस-पन्नास हा आकडा ते घरातल्या थोरल्या माणसाचं नाव घ्यावं तसा घेत. मोटारसायकल असो, टेम्पो असो, नाहीतर विहिरीवरचं डिझेल इंजिन असो, विचारणाऱ्याचं ऐकून घेताना ते डोळे मिटत, विचार केल्यासारखं करत आणि शेवटी वीस-पन्नासच सांगत. इतका विचार करून एकच उत्तर देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी शिक्षण खात्यात नोकरी करते.

या घट्ट तेलामुळं थंडीच्या दिवसांत सकाळची पहिली खेप वेळेवर निघत नसे. रात्रभर तेल गारठून बसे, इंजिन नुसतं कण्हे, आणि मग प्रवासी खाली उतरून जीपला धक्का मारत. दुधाच्या किटल्या वाटेवर ठेवून, मफलर आवळून निम्मं गाव धक्क्याला लागे. नाना स्टेअरिंगवर बसून समजूत घालत, "तिलाबी थंडी वाजती. जरा दमानं घ्या." तेल बदलून बघावं असं एकालाही सुचलं नाही. तेल नानांनी निवडलेलं होतं ना.

कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की ते तेल तपासायची पट्टी उपसत, थेंबभर तेल अंगठा आणि बोटात चोळत, नाकाशी नेत आणि बोटं लेंग्याला पुसत. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांच्या लेंग्यावर समद्या तालुक्याच्या गाड्या हायत." एकदा पुण्याच्या एका गृहस्थांनी आमच्या दारात गाडी थांबवून पानशेतचा रस्ता विचारला. पुढं त्यांचं बॉनेट कसं उघडलं गेलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तासाभरानं ते निघाले ते तेलाबद्दल बरंच काही ऐकून, आणि चुकीच्या दिशेला.

मग साखरेनं डोळे नेले. लायसन गेलं, त्यामागोमाग जीप विकली. ज्या दिवशी ती दारातून गेली त्या दिवशी नाना जेवले नाहीत. मला वाटलं आता हा माणूस खचणार. तसं झालं नाही, कारण माणसं विचारायला येत होती. सकाळी ओसरीवर नाना बसले की कुणीतरी रस्त्यावरूनच हाक द्यायचं, "नाना, कुटलं टाकू?" तेवढ्यावर त्यांचा दिवस निघे. जीप गेली तरी ते ड्रायव्हर होते ते या एका प्रश्नाच्या जोरावर. हा प्रश्न बंद झाला तर ओसरीवर नुसता एक अधू डोळ्यांचा म्हातारा उरेल, हे घरात सगळ्यांना कळत होतं. 

आणि तो बंद व्हायला कारण झाली माझी गाडी. भोरच्या शाळेत रोज जायचं म्हणून मी नवी छोटी गाडी घेतली. तिच्या पुस्तकात तेलाचा ग्रेड छापलेला होता, शून्य-वीस, म्हणजे पातळातलं पातळ. मी तो वाचून दाखवला तेव्हा नानांनी पुस्तक हातात घेऊन अंगठ्यानं चाचपलं. मग म्हणाले, "ज्याच्या नावातच शून्य हाय, ते इंजिनात घालायचं व्हय?"

पहिल्या सर्व्हिसिंगला ते हट्टानं माझ्याबरोबर आले. वरव्याजवळ हायवेला मोठं सर्व्हिस सेंटर आहे. गार हवा, कॉफीचं मशीन, आणि कामाच्या जागेच्या नि आपल्या मध्ये भलीमोठी काच. नानांना काचेपलीकडं जायचं होतं. टाय लावलेला पोरगा अदबीनं म्हणाला, "काका, तिथं कस्टमर अलाउड नाही. कंपनीनं सांगितलेलंच ऑइल टाकतो आम्ही."

"कंपनी पाबे घाट चढलीय का कदी?" नानांनी विचारलं.

त्यानं हसून कॉफी आणून दिली. नाना काचेला नाक लावून उभे राहिले. त्यांना पलीकडचं काही दिसत नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. परतताना रस्ताभर ते इंजिनचा आवाज ऐकत होते आणि तो काही केल्या बिघडत नव्हता, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

माझ्या गाडीमागोमाग गावात आणखी नव्या गाड्या आल्या. प्रत्येकीचं पुस्तक, प्रत्येकीचं सर्व्हिस सेंटर. शेजारच्या पोरानं गाडी आणली, पेढे दिले, नानांच्या पाया पडला आणि तेलाचं अवाक्षर न काढता निघून गेला. नाना पेढा हातात धरून बसले. संध्याकाळी ती गाडी दारावरून गेली तेव्हा म्हणाले, "पातळ टाकलंय. आवाज सांगतोय." ऐकायला मी एकटीच होते.

मला राग आला. त्या पोराचा आला, पुस्तकांचा आला, आणि नानांचा तर सगळ्यात जास्त, कारण बाई माणसाला गाडीतलं काय कळतं असं म्हणणाऱ्या या माणसासाठी माझा जीव तुटत होता. म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर जाऊन विचारलं, "नाना, उद्या गाडी सर्व्हिसिंगला नेतेय. कुठलं टाकू?"

त्यांनी डोळे मिटले. "वीस-पन्नास."

"पुस्तकात शून्य-वीस आहे."

"मंग इचारतीस कशाला?"

"तुमचं मत हवं म्हणून."

"ह्येच मत हाय माजं."

"मला पटत नाही."

"तू बाई हायस. तुला शाळेतलं पटनार, घाटातलं न्हाई पटनार."

भांडण चांगलं रंगलं. सासूबाई भाकरी थापता थापता बाहेर डोकावून गेल्या. दुसऱ्या दिवशी सेंटरवाल्यांनी शून्य-वीसच टाकलं, ते नानांना ठाऊक होतं, आणि त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले. मग तो आमचा नेमच होऊन गेला. सर्व्हिसिंग आलं की मी विचारायची, ते वीस-पन्नास सांगायचे, मी पुस्तक काढायची, ते कंपनीचा उद्धार करायचे. मी कधी मागं हटले नाही आणि खोटं "बरं" म्हणाले नाही. तसं म्हटलं असतं तर ते त्यांना लगेच कळलं असतं, आणि लागलंही असतं. त्यांना माझा होकार नको होता. भांडायला तोडीचं माणूस हवं होतं.

मागच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. बोलणं कमी झालं, जेवण तर नावालाच. सर्व्हिसिंगच्या आदल्या दुपारी मी कॉटशेजारी स्टूल ओढून बसले. आज जरा जोर लावून भांडायचं असं ठरवूनच आले होते. "नाना, उद्या गाडी न्यायचीय. कुठलं टाकू?"

डोळे मिटलेलेच होते. मी वाट बघितली. मला वाटलं, झोप लागली.

"पुस्तकात काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी हे आजवर कधीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "शून्य-वीस."

"मंग त्येच टाक," नाना म्हणाले. "तुजं बराबर आसंल."

मी म्हणाले, "असं कसं नाना? आणि घाट?" माझा आवाज चढला होता. "घाटात काय करू मी? सांगा ना." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मान भिंतीकडं वळवली.

एवढी वर्षं भांडून शेवटी मी जिंकले. मी तिथून उठले, मोरीत गेले, नळ सोडला आणि हुंदके देऊन रडले. नाना त्यानंतर दोन आठवडे होते, पण मला विचाराल तर ते त्याच दुपारी गेले.