सेनगावचा ग्लोव्ह

वेगाने येणारा कातडी चेंडू तुम्ही कधी उघड्या तळहातांवर झेलला आहे का?

मी नव्हता झेलला. सेनगावला जाईपर्यंत हा प्रश्नही मला पडला नव्हता. हिंगोलीहून सकाळची एसटी पकडली. नरसी मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली काळी रानं, मधूनच तुरीचे हिरवे पट्टे दिसू लागले. शेजारी बसलेल्या सुमनबाईंनी विचारलं, "काहून (कशासाठी) येऊन राहिलात सेनगावला?"

"बेसबॉलची मॅच बघायला."

"मग आमच्या पल्लवीलाच बघायला आलात की! बहिणीची लेक माझ्या. कप्तान हाय." त्यांनी फडक्यातली भाकरी आणि ठेचा पुढे केला. "खा. तिथं चहाबिगर काही भेटत न्हाई."

खेळाडूंना मानधन देणारी ही इकडची पहिलीच स्पर्धा. अट सुमनबाईंनीच सांगितली. सेनगावच्या मुलींनी या सामन्यात निदान एक धाव काढली तर स्पर्धेत पुढे जागा, नाहीतर ती शहरातल्या दुसऱ्या संघाला. शहरी संघांना अशी अट नव्हती. ठेच्यापेक्षा मला हीच जास्त झोंबली.

मैदानावर पोहोचलो तर नऊ मुली आणि ग्लोव्ह चार. सरावात त्या दोन गट पाडतात आणि बाजू बदलताना ग्लोव्ह समोरच्यांसाठी मैदानातच ठेवून येतात. सवयीने इथेही तेच केलं. समोरच्या शहरी संघातल्या प्रत्येकीकडे स्वतःचा ग्लोव्ह होता. पंचांनी दोनदा बजावलं, मग पायानेच सेनगावचे ग्लोव्ह रेषेबाहेर सरकवले.

उघड्या हातांतून चेंडू सुटत राहिले, धावा चढत गेल्या. फलंदाजीला आपल्या मुली क्रिकेटसारख्या बॅट घेऊनच पळायच्या, की प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडायचं, "अगं, बॅट टाक अन् पळ! क्रिकेट हाय का हे?" हशा व्हायचा. नंतर हसणंही थांबलं. सतरा–शून्य.

शेवटचा डाव. दोघी बाद झालेल्या, तिसरी बाद झाली की डाव संपणार; आणि पल्लवी तिसऱ्या बेसवर, तिथून होमला पोहोचली की एक धाव. तेवढ्यात समोरच्या एका मुलीच्या ग्लोव्हची वादी तुटली. ती रिकाम्या तळहाताकडे बघत उभी राहिली.

पल्लवीने बेसवरूनच हाक मारली, "ताई, रेषेपाशी आमचा पडलाय. घाल तो."

पुढचा चेंडू बॅटवरून उंच उडाला, नेमका त्या मुलीकडे. पल्लवी जीव तोडून धावली, होमला पोहोचलीही. पण तिकडे सेनगावच्या ग्लोव्हमध्ये झेल बसला होता. तिसरी बाद. डाव तिथेच संपला, म्हणून धाव धरली गेली नाही.

"पल्ले, तूच ग्लोव्ह दिलास अन् तूच बुडवलंस!" सुमनबाई कळवळल्या.

"मंग काय मावशी, तिला उघड्या हातानं झेलू द्यायचं? लई लागतं ते." पल्लवीचे तळवे सुजून लाल झाले होते.

ती मुलगी ग्लोव्ह परत द्यायला आली. मान वर न करता तिने तो दोन्ही हातांनी पुढे धरला. मी आयोजकांना गाठून भांडलो. ते म्हणाले, "अट म्हणजे अट." जागा गेली.

  सतरा–शून्य हा निकाल खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण नवांपैकी पाच जणींना उघड्या हातांनी उभं करून वर एका धावेची अट घालणं, याला मी स्पर्धा म्हणणार नाही.

सेनगावच्या मुलींना आता सामना उरलेला नाही. तुमच्या गावात, शाळेत संघ असेल तर त्यांना खेळायला बोलवा. आणि बाजू बदलताना तुमचे ग्लोव्ह मैदानातच ठेवून या.